केबलचं इंटरनेट गेलं तरी पीसी आपोआप वायफायवर का जात नाही?

तुमच्या विंडोज पीसीला केबल आणि वायफाय, दोन वेगळ्या कंपन्यांच्या लाइन आहेत. केबलच्या लाइनचं इंटरनेट गेलं की पीसी अडकतो, पण केबल काढताच वायफायवर चालू होतो. पीसी बिघडलेला नाही. त्याला फक्त राऊटरपर्यंतचंच दिसतं. राऊटर चालू आहे, एआरपीला (म्हणजे घरच्या नेटवर्कमध्ये 'या पत्त्याचं यंत्र कोणतं?' या विचारणेला) उत्तर देतोय, म्हणजे पीसीच्या लेखी रस्ता ठीक. पुढे फायबर तुटली हे राउटिंग टेबलला, म्हणजे कुठला डेटा कुठल्या रस्त्याने पाठवायचा याच्या पीसीतल्या यादीला, कळायला मार्गच नाही. केबल काढल्यावर मात्र तो रस्ताच टेबलमधून जातो.

मुळात केबल आधी का? कमांड प्रॉम्प्टमध्ये 'राऊट प्रिंट' (route print) चालवा. ०.०.०.० ने सुरू होणाऱ्या दोन ओळी दिसतील. शेवटच्या रकान्यातला मेट्रिक, म्हणजे पसंतीक्रमाचा आकडा, ज्याचा कमी, तो गेटवे (बाहेर जायचा रस्ता देणारा राऊटर) वापरला जातो. विंडोज १० हा आकडा लिंकच्या वेगावरून ठरवतं: गिगाबिट केबलला २५, ५०० एमबीपीएस ते २ जीबीपीएसच्या वायफायला ३०. आता हे नीट पाहा. खराब केबलमुळे लिंक १०० एमबीपीएसवर आली तर केबलचा मेट्रिक ३५ होतो आणि वायफाय पुढे जातं! गेटवेचा पत्ता हाताने भरला असेल तर मेट्रिकमध्ये आणखी २५६ मिळतात, म्हणजे गिगाबिट केबलसुद्धा २८१ वर. केबल लावूनही वेग मिळत नाही अशी तक्रार असेल तर मी आधी हेच तपासतो.

लिनक्सवर नेटवर्कमॅनेजर हा नेटवर्क सांभाळणारा प्रोग्राम केबलला १०० आणि वायफायला ६०० मेट्रिक देतो. त्यातली कनेक्टिव्हिटी तपासणी (लिंकवर इंटरनेट खरंच आहे का हे पाहणं) चालू असेल, तर इंटरनेट नसलेल्या लिंकच्या मेट्रिकमध्ये तो २०,००० मिळवतो, आणि मग वायफाय आपोआप पुढे येतं. मला ही रचना फार आवडते.

तुमच्यासाठी तात्पुरता उपाय: वायफाय ॲडाप्टरच्या प्रॉपर्टीजमध्ये आयपीव्ही४ च्या ॲडव्हान्स्ड खिडकीत ऑटोमॅटिक मेट्रिकची खूण काढून १० भरा. लाइन परत आली की खूण पुन्हा लावा. दोन्ही लाइन कायम ठेवणार असाल तर ड्युअल-वॅन, म्हणजे इंटरनेटच्या दोन लाइन जोडता येणारा राऊटर घ्या. तो बाहेरच्या एखाद्या पत्त्याला सतत पिंग करतो (छोटा संदेश पाठवून उत्तर येतं का पाहतो) आणि उत्तर थांबलं की दुसऱ्या लाइनवर जातो. फक्त त्या क्षणी बाहेर दिसणारा आयपी बदलतो, त्यामुळे चालू व्हिडिओ कॉल तुटू शकतो आणि बँकेत पुन्हा लॉगिन करावं लागू शकतं.