अनुनाकी, रामसेस आणि ट्रंकेतली मातीची पाटी : वाचकांच्या प्रश्नांची उत्तरं

मेसोपोटेमिया (साधारण आजचा इराक) आणि इजिप्तच्या देवांबद्दल येणारे बरेचसे मेल त्याच दोन-चार व्हिडिओंवरून आलेले असतात हे आता लगेच ओळखू येतं, वाक्यंसुद्धा तीच असतात. म्हणून प्रत्येकाला वेगळं उत्तर न लिहिता इथेच एकत्र लिहितेय.

प्रश्न : अनुनाकी परग्रहावरून सोनं खणायला आले आणि त्यांनी कामासाठी माणूस बनवला असं सुमेरियन पाट्यांवर लिहिलंय ना? माझा 14 वर्षांचा मुलगा 'निबिरू ग्रह धडकणार' म्हणून रात्री झोपत नाही. (सांगली)

असं कुठेही लिहिलेलं नाही. ही गोष्ट 1976 सालच्या एका अमेरिकन पुस्तकातून सुटली आणि तेव्हापासून फिरतेय. मूळ कथा अत्राहासिस नावाच्या प्राचीन मेसोपोटेमियन काव्यात आहे, तिच्या ज्या प्रती आपल्याला मिळाल्यात त्या साधारण 3,700 वर्षं जुन्या. तिच्यात सोनं नाहीच, कालवे आहेत. इगिगी नावाचे धाकटे देव थोरल्या अनुनाकींसाठी कालवे खणून, नद्या काढून थकले, शेवटी त्यांनी आपली कुदळ-टोपली जाळली आणि रात्री त्यांचा मुख्य देव एनलिल याच्या घराला वेढा घातला. मग तोडगा म्हणून एका देवाला मारून त्याचं रक्त-मांस मातीत मळलं आणि त्यातून माणूस घडवला, जो यापुढे टोपली उचलेल. दक्षिण इराकमध्ये कालव्यातला गाळ दरवर्षी उपसल्याशिवाय शेती होत नव्हती, ज्यांनी ही कथा रचली त्यांना हे काम किती जिवावरचं आहे ते चांगलं माहीत होतं. त्या लोकांचा हा सगळा घाम पुसून तिथे रॉकेट आणून ठेवलं की मला खरंच वाईट वाटतं. आणि निबिरू हे बॅबिलोनी ज्योतिषात मार्दुक या बॅबिलोनच्या मुख्य देवाच्या ताऱ्याचं नाव, बहुतेक ठिकाणी त्याचा अर्थ आपला गुरू ग्रह. तो रोजचाच आहे, धडकायला येत नाही. मुलाला हे शांतपणे सांगा, पण झोप उडून दोन आठवड्यांच्या वर झाले असतील तर माझ्या उत्तरावर थांबू नका, काउन्सेलरकडे किंवा तुमच्या डॉक्टरकडे घेऊन जा.

प्रश्न : इनाना आणि इश्तार एकच का? (ठाणे)

हो, एकाच देवीची ही मेसोपोटेमियातल्या दोन प्राचीन भाषांतली नावं : सुमेरियन नाव इनाना, अक्कादियन नाव इश्तार.

प्रश्न : रामसेस म्हणजे 'राम' आणि 'ईश', म्हणजे इजिप्तचा राजा रामभक्त होता, हे खरं का? आणि मितान्नीच्या करारात इंद्र-वरुण आहेत ही पण अफवाच का? (नाशिक)

पहिलं खोटं, दुसरं खरं, आणि दोन्हीचा पुरावा योगायोगाने एकाच गावातला आहे. इजिप्तच्या लिपीत स्वर लिहीत नसत, म्हणून 'रामसेस' हा उच्चार ग्रीकांमार्फत आपल्याकडे आलाय. पण तुर्कस्तानातल्या बोआझकोय इथे, म्हणजे हित्ती या प्राचीन लोकांच्या हत्तुशा राजधानीत, कीललिपीतली (मातीत टोचून लिहिलेल्या लिपीतली) पत्रं सापडली त्यात त्याचं नाव 'रिआमाशेशा' असं स्वरांसकट लिहिलंय. अर्थ, 'रा नं ज्याला जन्म दिला तो'. रा म्हणजे सूर्यदेव, इथे राम नाही. त्याच हत्तुशात इ.स.पू. 14व्या शतकातला हित्ती राजा आणि शेजारच्या मितान्नी राज्याच्या राजाचा करार मिळाला आणि त्यात साक्षीला बोलावलेल्या देवांच्या लांबलचक यादीत मित्र, वरुण, इंद्र आणि नासत्य आहेत. एवढं खरं आहे आणि एवढंच पुरेसं मोठं आहे. त्यावरून तिथे सगळेच वैदिक होते वगैरे पुढची उडी मारू नका, यादीत बाकीचे बहुतेक देव तिथले स्थानिकच आहेत. यावर लेख लिहायचा असेल तर आधी अक्कादियन वाचणाऱ्या माणसाला दाखवा, फॉरवर्डवरून लिहू नका.

प्रश्न : पणजोबा पहिल्या महायुद्धात मेसोपोटेमियात होते. त्यांच्या ट्रंकेत तळहाताएवढी मातीची पाटी आणि एक कोरलेला दगडी मणी आहे. पाटीवर टोचल्यासारख्या खुणा आहेत. आता कडांची भुकटी पडतेय. ब्रशने धुऊन घेऊ का? मण्यावर कोणता देव आहे? एक जण चांगले पैसे देतोय. (सातारा)

धुऊ नका. ओल्या फडक्यानेही पुसू नका. तुमचा पहिला मेल गेल्या जूनमध्ये आला होता, तेव्हाच मी लिहिलं होतं की लगेच दाखवा, आणि आता एक अख्खा पावसाळा गेल्यावर तुम्ही भुकटीबद्दल विचारताय. अशा बऱ्याच पाट्या भाजलेल्या नसतात, नुसत्या वाळवलेल्या असतात, आणि इराकच्या जमिनीतलं मीठ त्यांच्या पोटात असतं. आपल्या दमट हवेत ते मीठ विरघळतं, हवा कोरडी झाली की पृष्ठभागावर येऊन त्याचे खडे बनतात, भिंतीला मीठ फुटतं तसं, आणि पहिला थर सुटतो. अक्षरं त्याच थरात असतात. म्हणजे तुमच्याकडे जी भुकटी पडतेय ती कदाचित कोणाचं तरी नाव आहे, एखाद्या देवळाचा हिशोब आहे, किंवा एखाद्या स्तोत्राची ओळ. आजच मऊ टिश्यूवर डब्यात ठेवा, कोरड्या जागी, ऊन आणि एसीचा झोत नको. हात लावायच्या आधी डाव्या वरच्या बाजूने टॉर्चचा तिरपा उजेड टाकून सगळ्या बाजूंचे आणि कडांचे फोटो काढा, भुकटीसुद्धा कागदात जपून ठेवा. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात कन्झर्वेशनचा विभाग आहे, त्यांना या आठवड्यात फोन करा.

मणी म्हणजे बहुतेक सिलिंडर सील, ओल्या मातीवर फिरवलं की चित्र उमटतं. तुमच्या फोटोत शिंगांचा मुकुट दिसतोय, म्हणजे बसलेली आकृती देवाची आहे एवढं नक्की. खांद्यातून पाण्याच्या धारा निघत असतील तर पाण्याचा देव एंकी, खांद्यातून किरणं आणि हातात करवत असेल तर सूर्यदेव उतू म्हणजेच शमश, आठ टोकांचा तारा इश्तारचा, चंद्रकोर चंद्रदेव सिनची, उभं फावडं मार्दुकचं. अंधुक फोटोवरून यापुढे मी जाणार नाही. वस्तू खऱ्या आहेत की नकली हेही सांगणार नाही, कारण बगदादच्या बाजारात नकली पाट्या 19व्या शतकापासून विकल्या जायच्या आणि घरी काहीतरी न्यायचं म्हणून शिपाई त्या घेतही असतील. पणजोबांची पलटण कुठली, ते इराकमधल्या कूत अल-अमाराच्या वेढ्यात होते का (29 एप्रिल 1916 ला तिथे ब्रिटिश भारतीय सैन्याच्या पूना डिव्हिजनने शरणागती पत्करली), त्यांची पत्रं, डिस्चार्जचा कागद, सगळं एकत्र ठेवा. वस्तू कुठून, कधी आणि कोणाच्या हातून आली ही माहिती गेली की ती मुकी होते.

पैसे देणाऱ्याला स्पष्ट नाही सांगा. एप्रिल 2003 मध्ये बगदादच्या म्युझियममधून सुमारे 15,000 वस्तू लुटल्या गेल्या, त्यात जवळपास 5,000 अशी सीलंच होती, खिशात मावतात ना. ती 'जुन्या युरोपीय संग्रहातून' असं लेबल लावून ऑनलाइन विकली जातात. तुमच्यासारख्या घराची खरी कहाणी दलालाला फार हवी असते, कारण ती दुसऱ्या दहा चोरीच्या सीलांना चिकटवता येते. गिल्गामेश या मेसोपोटेमियन महाकाव्यातल्या राजाच्या स्वप्नाची पाटी अशीच खोट्या कागदांवर अमेरिकेत विकली गेली, 2021 मध्ये ती इराकला परत द्यावी लागली. आपल्याकडे 1972 च्या पुरावस्तू कायद्याप्रमाणे अशा वस्तूंचा धंदा करायला लायसन्स लागतं आणि खाजगी माणसाला त्या देशाबाहेर पाठवता येत नाहीत. तुमच्या दोन वस्तूंना नोंदणी लागते का हे पुरातत्त्व खात्याच्या नोंदणी अधिकाऱ्याला लेखी विचारा, शेजारच्या वकिलाला नाही.

प्रश्न : आई गेली. एक बाई 'इजिप्शियन आत्मा-तोलन' सेशनचे 11,000 रुपये मागतायत, मृतांच्या पुस्तकातले मूळ मंत्र म्हणतात. करू का? (पुणे)

करू नका. 'मृतांचं पुस्तक' हे नावच 1842 साली एका जर्मन अभ्यासकाने रूढ केलं, इजिप्तचे लोक त्याला 'दिवसाच्या उजेडात बाहेर येणं' अशा अर्थाचं नाव देत. 125व्या मंत्रात मृताचं हृदय मआतच्या, म्हणजे सत्याच्या देवीच्या, पिसासमोर तोलतात, अनुबिस हा देव काटा बघतो, थोथ हा देव लिहून घेतो, आणि मेलेला माणूस स्वतः बोलतो, मी कोणाला रडवलं नाही, मी मापात मारलं नाही. दुसऱ्या कोणी पैसे घेऊन तोलायची तिथे सोयच नाही. दुःख फार असेल तर जवळच्या माणसांशी बोला, आणि दिवस ढकलणं जड जात असेल तर ग्रीफ काउन्सेलरशी.

प्रश्न : होरसच्या डोळ्याचं लॉकेट घातलं तर चालेल का? (बेळगाव)

घाला, दागिना म्हणून. डोळ्याचा त्रास असेल तर डोळ्यांच्या डॉक्टरकडे जा.

प्रश्न : तुतनखामेनच्या शापाने थडगं उघडणारे सगळे मेले ना? (कोल्हापूर)

नाही. लॉर्ड कार्नार्व्हन 1923 मध्ये डासाच्या चाव्याची जखम चिघळून गेले, पण थडगं ज्याने शोधलं तो हॉवर्ड कार्टर 1939 पर्यंत जगला.