मोडेम म्हणतो डायल टोनच नाही!

प्रश्न: माझ्याकडे जुना २८६ कॉम्प्युटर आहे, डॉसवर चालतो. बाहेरून लावायचा २४०० चा (सेकंदाला २४०० बिट) मोडेम जोडलाय आणि टेलिक्स हे मोडेम चालवायचं सॉफ्टवेअर टाकलंय. बीबीएसचा (फोनवरून जोडायच्या कॉम्प्युटरवरच्या संदेशफलकाचा) नंबर फिरवला की ‘नो डायलटोन’ येतं आणि मग गप्प. साधा फोन मात्र त्याच सॉकेटवर मस्त चालतो (लाइन आता फायबरच्या डब्यातून येते). एकदाच कनेक्ट झालं, तेव्हा स्क्रीनभर कचरा आला. मोडेम गेलाय का? एक ५६के वाला मिळतोय, तो घेऊ?

उत्तर: मोडेम ठणठणीत आहे हो. ‘नो डायलटोन’ हे कॉम्प्युटर नाही, मोडेमच सांगतोय, म्हणजे केबल बरोबर, पोर्ट बरोबर, दोघांचं बोलणं चालू आहे. लोक इथेच चार दिवस घालवतात, जंपर काढ, कॉम पोर्ट बदल, केबल बदल, आणि भानगड असते पलीकडे भिंतीत.

फायबरचा डबा जो डायल टोन वाजवतो तो जुन्या एक्सचेंजसारखाच असेल असं नाही. आपला कान चालवून घेतो, मोडेम ठरलेल्या टोनची वाट बघत बसतो. म्हणून त्याला सांगायचं की बाबा टोनकडे लक्ष देऊ नकोस: आधी एटीएक्स३ (ATX3) टाइप करून एंटर मारा, ओके आलं की मग एटीडीटी (ATDT) आणि नंबर. एक्स३ ने टोनची वाट बघणं थांबतं, पण लाइन एंगेज असेल तर ते तरीही कळतं, आणि ते लागतंच कारण बऱ्याच बीबीएसना एकच लाइन असते, आत कुणी असलं की तुम्ही बाहेर. एटीडीपी वापरू नका, ते जुनं पल्स डायलिंग आहे, या डब्यांना ते बऱ्याचदा कळतच नाही.

आता कचरा. कचरा दोन प्रकारचा असतो आणि तुमचा कुठला ते लिहिलं नाहीये. चौकोनी कंस, मग आकडे, मग एखादं अक्षर असं परत परत दिसत असेल तर लाइन चांगली आहे, ते रंगांचे आन्सी कोड आहेत, टेलिक्समध्ये टर्मिनल आन्सी-बीबीएस करा, झालं. सगळीच अक्षरं वेडीवाकडी असतील तर सेटिंग ८-एन-१ आहे का बघा, म्हणजे आठ बिट, पॅरिटी नाही, एक स्टॉप बिट. आणि मधूनच चार-सहा चिन्हं उडत असतील तर तो लाइनचा दोष. तुमचा आवाज त्या डब्यात तुकडे होऊन इंटरनेटवरून जातो, एखादा तुकडा उशिरा आला तर माणसाला पत्ता लागत नाही, मोडेम मात्र अडखळतो. डब्याच्या सेटिंगमध्ये हात घालता येत असेल तर कोडेक (आवाजाचे आकडे करायची पद्धत) जी.७११ ठेवा, आवाज जास्त दाबणाऱ्या कोडेकवर मोडेम चालत नाही. कॉल वेटिंग पण बंद करा, त्याच्या एका बीपने कनेक्शन तुटतं.

५६के वाला घेऊ नका. एक तर ५६के तेव्हाच मिळतं जेव्हा पलीकडची बाजू थेट डिजिटल लाइनवर असते, दोन साधे मोडेम एकमेकांना फोन करतात तेव्हा ३३.६के च्या वर जातच नाही. आणि तुमच्या लाइनवर हळू असणं हाच फायदा आहे! ३०० पासून २४०० पर्यंत दोन्ही बाजू वेगवेगळ्या फ्रीक्वेन्सीवर बोलतात, एकमेकांच्या पायात येत नाहीत. ९६०० पासून पुढे दोघं एकाच पट्ट्यात बोलतात आणि आपलाच प्रतिध्वनी वजा करत बसतात, तिथे डब्यामुळे होणारा उशीर नडतो. तुमचा २४०० चा मोडेम सेकंदाला साधारण २४० अक्षरं आणतो, ८० बाय २५ चा पूर्ण स्क्रीन आठ-साडेआठ सेकंदात भरतो, वाचायला तेवढं पुष्कळ झालं. १९७८ च्या फेब्रुवारीत शिकागोत वॉर्ड क्रिस्टेनसेन आणि रँडी सूस यांनी पहिला डायल-अप बीबीएस सुरू केला तेव्हाच्या ३०० च्या मोडेमवर हाच स्क्रीन मिनिटाच्या वर घ्यायचा, तरी लोक रात्र रात्र बसायचे.

प्रश्न: कमोडोर ६४ या जुन्या घरगुती कॉम्प्युटरच्या युजर पोर्टात (मागच्या जोडणीच्या खाचेत) पीसीचा मोडेम सरळ वायरने जोडला तर चालेल? मित्र म्हणतो वाय-फाय मोडेम घे, पण मग त्याला डायल-अप म्हणायचं का?

उत्तर: सरळ अजिबात नको! युजर पोर्टावर शून्य ते पाच व्होल्ट असतात, पीसीच्या मोडेमची आरएस-२३२ (सीरियल जोडणीची) लाइन उणे बारा ते अधिक बारापर्यंत जाते, मशीनमधली पोर्ट सांभाळणारी सीआयए चिप उडेल. मध्ये व्होल्टेज जुळवणारा मॅक्स२३२ वाला कन्व्हर्टर लागतोच. शिवाय ६४ मध्ये सीरियलसाठी वेगळी चिप नाही, सगळं सॉफ्टवेअरने चालतं, त्यामुळे सुरुवात १२०० ने करा. अक्षरं लहान-मोठी उलटी दिसली तर घाबरू नका, टर्मिनल पेटस्की (कमोडोरचे स्वतःचे अक्षरकोड) मोडवर आणि समोरचा आस्की (बाकी कॉम्प्युटरांचे नेहमीचे कोड) पाठवतोय एवढंच.

वाय-फाय मोडेम म्हणजे ईएसपी८२६६ चिप, ती हेस कंपनीच्या, एटी कमांडवर चालणाऱ्या मोडेमचं सोंग घेते. एटीडीटीनंतर नंबराऐवजी बीबीएसचा पत्ता टाकायचा, ती टेलनेटने, म्हणजे इंटरनेटवरून, जोडून देते, ६४ ला काही फरक कळत नाही. मला विचाराल तर ६४ साठी हेच घ्या, आज चालू असलेले बहुतेक बीबीएस टेलनेटवरच आहेत. ती शिट्टी आणि खरखर तेवढी मिळणार नाही, आणि खरं सांगू, मला ती हवीच असते म्हणून मी अजून तार सोडलेली नाही.

प्रश्न: जुन्या मासिकात बीबीएसच्या नंबरांची यादी सापडली. एकेक करून मोडेमने ट्राय करतोय.

उत्तर: थांबा जरा. ते नंबर केव्हाच दुसऱ्या कुणाच्या तरी घरी गेले असणार, आणि रात्री अडीच वाजता तुमचा मोडेम तिथे रीडायल करत बसेल. आधी साध्या फोनवरून, दिवसाढवळ्या, कानाला लावून ऐका. कर्कश टोन आला तर मोडेम लावा. माणसाने उचललं तर सॉरी म्हणा, नंबर यादीतून खोडा आणि टेलिक्सच्या डायलिंग डिरेक्टरीतूनही काढा, लोक नेमकं तेच विसरतात.