आठवीतल्या मुलाला लैंगिकता शिक्षणाच्या सत्राला पाठवावे का?

आपला मुलगा आठवीत आहे आणि शाळेने लैंगिकता शिक्षणाच्या सत्रासाठी पालकांची लेखी संमती मागितली आहे. हे वय फार लहान नाही का, आणि असे सत्र मुलींपुरतेच ठेवले तर भागणार नाही का, अशा आपल्या दोन शंका आहेत. मी माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवतो आणि अशी सत्रेही घेतो. माझ्या मते आपण संमती द्यावी; मात्र सही करण्यापूर्वी शाळेला एक प्रश्न अवश्य विचारावा, त्याविषयी पुढे लिहितो.

राज्य मंडळाच्या अभ्यासक्रमात मानवी प्रजननाचा सविस्तर भाग दहावीच्या विज्ञानात येतो. मुलींना पाळी बहुधा १० ते १४ या वयात येते, आणि मुलांचा आवाज फुटणे, झोपेत वीर्यस्खलन होणे हेही दहावीच्या बरेच आधी सुरू झालेले असते. म्हणजे धडा वर्गात येईपर्यंत मुलाने आपली उत्तरे मित्रांकडून, मोबाइलवरून किंवा रेल्वेमार्गालगतच्या भिंतींवरील गुप्तरोगांच्या जाहिरातींवरून मिळवलेली असतात. (लैंगिक शक्ती वाढवण्याचा दावा करणाऱ्या औषधांच्या जाहिरातींना १९५४ पासून कायद्याने बंदी आहे, हे त्या भिंतींना अद्याप कळलेले दिसत नाही.) चिठ्ठीवर निनावी प्रश्न लिहायला सांगितले की मुलांच्या चिठ्ठ्यांत सर्वाधिक आढळते ती अशक्तपणा येईल, आपल्यात काही बिघाड आहे, ही भीती. अशा माहितीने मुले बिघडतात या समजुतीला संशोधनाचा आधार नाही. युनेस्कोने २०१८ मध्ये सुधारून प्रसिद्ध केलेल्या मार्गदर्शिकेतही या शिक्षणामुळे लैंगिक व्यवहार वाढत नाहीत, असाच निष्कर्ष आहे.

आपल्या दुसऱ्या शंकेशी मी अजिबात सहमत नाही. केंद्रीय महिला व बालविकास मंत्रालयाने २००७ मध्ये १३ राज्यांतील पाहणी प्रसिद्ध केली, तिच्यात निम्म्याहून अधिक मुलांनी कोणत्या ना कोणत्या स्वरूपाचे लैंगिक शोषण झाल्याचे सांगितले होते, आणि त्यांत मुलग्यांचे प्रमाण मुलींपेक्षा किंचित जास्तच होते. तरीही आपल्याकडे सावध राहण्याचे शिक्षण मुलींना दिले जाते आणि मुलग्याने काही सांगितलेच तर त्याची थट्टा होते. शिवाय नकार कसा द्यावा हे शिकवताना तो कसा ऐकावा हे कुणालाच शिकवले नाही, तर अर्धेच काम होते. मैत्रिणीने बोलणे बंद केले म्हणून तिच्या मागे मागे फिरणे, तिने विश्वासाने पाठवलेले छायाचित्र गटात टाकणे, या गोष्टी मुलांना खोडी वाटतात. कायद्याच्या दृष्टीने ते गुन्हे आहेत. बालकांना लैंगिक अपराधांपासून संरक्षण देणाऱ्या पोक्सो कायद्यानुसार १८ वर्षांखालील व्यक्ती बालक आहे आणि तिच्या संमतीला लैंगिक संबंधांपुरता कायदेशीर अर्थ नाही, त्यामुळे परस्परांच्या ओढीतून घडलेल्या प्रकरणातही मुलगा आरोपी होऊन बाल न्याय मंडळापुढे उभा राहू शकतो. हे त्याला घडण्यापूर्वी माहीत असायला हवे.

याच महाराष्ट्रात र. धों. कर्वे यांनी १९२१ मध्ये मुंबईत संततिनियमनाचे केंद्र काढले, आणि याच महाराष्ट्राने २००७ मध्ये केंद्राच्या किशोरावस्था शिक्षण कार्यक्रमाला शाळांचे दार बंद केले. त्यामुळे आज काय शिकवले जाईल हे बरेचसे शाळेवर आणि येणाऱ्या व्यक्तीवर अवलंबून असते. सत्रापूर्वी पालकसभा घेऊन आशय दाखवा, असे सांगण्याचा आपल्याला पूर्ण हक्क आहे.

आता तो प्रश्न. सत्रानंतर एखादे मूल येऊन आपल्याबाबतीत घडलेले काही सांगू लागले, तर शाळा काय करणार, हे मुख्याध्यापकांना विचारावे. हे क्वचित घडते असे मानू नये. पोक्सोखाली नोंदलेल्या बहुसंख्य प्रकरणांत आरोपी मुलाच्या ओळखीचाच असतो, त्यामुळे मूल घरी बोलू शकत नाही आणि विश्वास वाटलेल्या पहिल्या मोठ्या माणसापाशी बोलते. अशी माहिती मिळालेल्या प्रत्येकाने ती पोलिसांना कळवणे कलम १९ नुसार बंधनकारक आहे, आणि आपल्या हाताखालच्या व्यक्तीने केलेला गुन्हा दडवणाऱ्या संस्थाप्रमुखाला एक वर्षापर्यंत कारावास होऊ शकतो. 'आधी आम्ही आपसात चौकशी करू' हे उत्तर मिळाले तर ते अपुरे आहे, असे तिथेच सांगावे. शाळेत सखी सावित्री समिती (विद्यार्थ्यांच्या सुरक्षिततेसाठीची शालेय समिती) स्थापन झाली आहे का, तिची बैठक शेवटची केव्हा झाली, तक्रारपेटी कोण उघडते आणि बालकांच्या मदतवाहिनीचा १०९८ हा क्रमांक मुलांना दिसेल अशा जागी लावलेला आहे का, हेही पाहावे.

मुलाला जे शाळेत किंवा आपल्यापाशी विचारता येणार नाही, त्यासाठी सरकारी रुग्णालयांतील 'मैत्री' किशोर आरोग्य केंद्रात मोफत समुपदेशन मिळते. तेथे त्याला समुपदेशकांशी एकट्याने बोलू द्यावे आणि आपण बाहेर थांबावे.