अंकल मुळात मामाच

प्रिय चिऊ,

काल शाळेचा वंशवृक्षाचा कागद भरताना तू वैतागून विचारलंस, "मामा काय, काका काय, सगळे अंकलच ना? मग मराठीत एवढी नावं कशाला?" मी फोडणीत अडकले होते, "असतात बाई" म्हणून तुला कटवलं. ते काही उत्तर नव्हतं, म्हणून हे पत्र.

गंमत म्हणजे अंकल मुळात मामाच आहे! लॅटिनमध्ये आईच्या भावाला 'अवुंकुलुस' म्हणत, म्हणजे छोटे आजोबा. वडिलांच्या भावाला वेगळा शब्द होता, 'पात्रुउस'. संस्कृतातल्या 'पितृव्य'चा तो चुलतभाऊच शोभतो. आंट म्हणजे 'आमिता', वडिलांची बहीण, आपली आत्या. आणि कझिन? मूळचा मावसभाऊ! फ्रेंचमध्ये येईपर्यंत काका-मामा दोघांना मिळून तो मामाचाच शब्द उरला. इंग्रजांकडे स्वतःची नावं होती, मामाला 'एआम', काकाला 'फॅडेरा'. १०६६ मध्ये फ्रान्सकडून नॉर्मन लोक इंग्लंड जिंकून राज्य करायला आले, त्यांच्या फ्रेंचमागून अंकल आला आणि ती जुनी नावं हळूहळू अडगळीत गेली.

आपल्याकडे नावाबरोबर कामही येतं. तुझ्या बारशाला आत्यानं तुझ्या कानात 'कुर्रर्र' करून नाव सांगितलं आणि त्याच क्षणी सगळ्यांनी तिच्या पाठीत धपाधप बुक्के घातले. साडी मिळाली म्हणून तिनं ते सोसले, असं ती अजून ऐकवते. मावशी शेजारीच उभी होती, पण तो मान तिचा नाही, बुक्केही नाहीत. माझ्या लग्नात मला बोहल्याशी घेऊन आला तो मामा. काका जेवणाच्या पंगती बघत होते.

माझी आजी तर सासऱ्यांना मामंजी आणि सासूला आत्याबाई म्हणायची. मला लहानपणी ते विचित्र वाटे. पण आत्याच्याच घरी सून म्हणून जाणं पूर्वी कितीतरी घरांत रीतीचं होतं, त्यामुळे कोण मामेभाऊ, कोण आतेभाऊ आणि कोण चुलत, हे नीट ठाऊक असावंच लागे. चुलतभाऊ म्हणजे भाऊच, तिथे लग्नाचा विषय नाही.

कागदावर अंकलच लिही, तुझ्या बाईंना तेच हवंय. शेजारी छोट्या अक्षरात 'मामा' मावतं, मी पेन्सिलीनं लिहून पाहिलंय. मात्र शनिवारी व्हिडिओ कॉलवर त्याला अंकल म्हणू नकोस. मागे एकदा म्हणालीस, तर तो दहा मिनिटं मलाच बोलत होता.

तुझी,
आई