मेस्त्री, गाडी नटवायची आहे

खंडेनवमीला गाडी धुतली, झेंडूचा हार घातला, की मालक तिच्याकडे वर्षातनं एकदा नीट बघतो आणि मग डोक्यात बेत सुरू होतात. दसऱ्यानंतर आलेली बहुतेक पत्रं त्या बेतांचीच आहेत. कोल्हापूरच्या उद्यमनगरात अडतीस वर्षं पाना धरलाय, त्या अनुभवावर उत्तरं देतो.

प्रश्न : बाबांची १९९४ ची यामाहा आरएक्स १०० मोटारसायकल आहे. दीड वर्षापूर्वी ते गेले. मला ती कॅफे रेसर करायची आहे. मागचा सांगाडा कापून एकट्यापुरती सीट, खाली वाकलेलं हँडल, मागचं मडगार्ड काढायचं. गॅरेजवाला म्हणतो, दोन दिवसांचं काम आहे. टूलबॉक्सवर बाबांनी ‘आईची पुण्याई’ असं पेंटरकडून लिहून घेतलं होतं, तेही रंगात जाईल. आई नको म्हणते. काय करू?
— वय २१, कराड

उत्तर : बाळ, ‘आईचं ऐक’ एवढं सांगून मी मोकळा होणार नाही. तुझी हौस खरी आहे आणि बाबांच्या गाडीवर तुझाही हात फिरलेला दिसावा हे वाटणं रास्त आहे. पण कापू नकोस. का, ते सांगतो.

मी तुझ्याएवढा असताना एका गिऱ्हाइकाची येझदी अशीच कापली होती. मागचा सांगाडा वीतभर आखूड केला, शॉकॲब्सॉर्बरची वरची बैठक पुढं घेऊन वेल्डिंग मारलं, वर पॉलिश केलं. दिसायला देखणी झाली होती. तिसऱ्या आठवड्यात पन्हाळ्याहून उतरताना वाघबिळाजवळ त्याच वेल्डिंगच्या कडेनं पाइप मोडला आणि गिऱ्हाइकाचं गळ्याजवळचं हाड मोडलं. दवाखान्यात त्याची आई मला एक शब्दही बोलली नाही. ते मी अजून विसरलेलो नाही.

मोडलेला पाइप मी गॅरेजमध्ये आणून पाहिला. वेल्डिंग तुटलं नव्हतंच. त्याच्या शेजारचा, आचेनं रंग बदललेला अर्ध्या इंचाचा पट्टा चिरला होता. रस्त्यावरचा प्रत्येक दणका शॉकॲब्सॉर्बरमधून त्याच बैठकीवर येतो. तिथल्या लोखंडाला चुकीची आच लागली की ते लवचिक राहत नाही, आणि मग एक केसाएवढी चीर पुरते. डोळ्याला ती रंगाखाली दिसत नाही.

तुझी गाडी साधी नाही. आरएक्स १०० आपल्याकडं १९८५ ते १९९६ एवढीच वर्षं बनली. ९८ सीसी, ११ हॉर्सपॉवर आणि वजन शंभर किलोच्या जरा वर, म्हणून ती हातातून सुटल्यासारखी पळते. न कापलेला सांगाडा आता शोधून मिळत नाही. शिवाय मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आहे. आरसीवर नोंदलेल्या मूळ रचनेत असा बदल चालत नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर मालकाला दर बदलामागं पाच हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकतं. पंधरा वर्षांनंतरची नोंदणी दर पाच वर्षांनी नवी करावी लागते. तेव्हा कापलेली गाडी घेऊन तुला आरटीओत उभं राहायचंय, हे लक्षात ठेव.

मग हौस कशी भागवायची? जे पान्यानं निघतं आणि पान्यानं परत बसतं, ते कर. मूळ बोल्टांवर बसेल अशी नवी सीट करून घे. मागं थोडा उठाव दिला की कॅफे रेसरची ठेवण येते. जुनी सीट गोणपाटात बांधून माळ्यावर ठेव. हँडल थोडं खाली घे, पण पूर्ण डावीकडं-उजवीकडं वळवून बघ, क्लचची आणि ॲक्सिलरेटरची केबल ताणली जाता कामा नये. मागचं मडगार्ड राहू दे. कराडच्या पावसात ते काढलंस तर चिखल थेट एअर फिल्टरच्या बाजूला आणि तुझ्या पाठीवर.

गॅरेजवाला सायलेन्सर आखूड करायला सुचवेल, तेव्हाही नाही म्हण. टू-स्ट्रोकच्या सायलेन्सरचं पोट फुगीर असतं ते दिसण्यासाठी नाही. धुराचा दाब तिथून परत उलटतो आणि सिलिंडरमधून निसटू पाहणारं ताजं पेट्रोल आत ढकलतो. ते पोट कापलं की आवाज वाढतो आणि पिकअप जातो. शेपटीकडचा छोटा बोल्ट काढ, आतली जाळीची नळी ओढून बाहेर घे, काजळी खरवडून परत बसव. बाबा असताना जशी पळायची तशी पळेल.

टूलबॉक्सच्या झाकणीला पॉलिश पेपर लावू नकोस. बाकी गाडी हवी तर नवी कोरी रंगव, ती एक झाकणी तशीच बसव. नव्या रंगाशेजारी ती जुनी अक्षरं शोभतील. आईला आधी ती झाकणी दाखव आणि मग उरलेला बेत सांग. रंग बदललास तर आरसीवर नोंद करून घे.

प्रश्न : माझी बुलेट २०२१ ची आहे. जुन्या बुलेटसारखा आवाज हवा. मित्र म्हणतात, पंजाबी सायलेन्सर लाव.
— सांगली

उत्तर : लावू नका. पंजाबी, इंदोरी, नाव काहीही असो, आत जाळी नसलेला तो पोकळ नळा आहे. १७५ सीसीवरच्या मोटारसायकलला आवाजाची मर्यादा ८० डेसिबल आहे. ती ओलांडली तर दहा हजारांपर्यंत दंड आणि तीन महिने लायसन्स बाद होऊ शकतं. पोलिसांनी जप्त केलेल्या सायलेन्सरांवरून रोडरोलर फिरवलेला तुम्ही पाहिला असेल. मला त्याहून जास्त टोचतं ते वेगळंच. माझ्या गल्लीत तान्हं मूल आहे, दोन घरं सोडून हृदयाचा पेशंट आहे. रात्री अकराला सायलेन्सरचे फटाके वाजवत जाणाऱ्या पोराला ते दिसत नाहीत.

तुमच्या गाडीत धुरातला प्राणवायू मोजणारा सेन्सर आहे. त्याच्या हिशोबावर पेट्रोल किती द्यायचं ते ठरतं. पोकळ नळा लावला की तो हिशोब चुकू शकतो.

आणि जुन्या बुलेटचा आवाज मोठा नव्हताच, तो संथ होता. ओतीव लोखंडाचं इंजिन, जड फ्लायव्हील, एकच सिलिंडर, दोन फेऱ्यांत एकदा ठिणगी. पॉइंटची, म्हणजे ठिणगी जुळवणाऱ्या टोकांची, फट ०.३५ ते ०.४० मिलिमीटर ठेवायची, झडपांचे टॅपेट लावायचे, करंट दाखवणाऱ्या ॲमीटरची सुई मधोमध आणून किक मारायची आणि स्लो, म्हणजे उभ्या गाडीच्या इंजिनाचा वेग, इतका खाली आणायचा की प्रत्येक ठोका वेगळा मोजता यावा. तो आवाज हवा असेल तर जुनी गाडी घ्या, सांभाळा. नव्या गाडीच्या गळ्यातून तो येणार नाही.

प्रश्न : शेवटचे आकडे ८०५५ मिळालेत. इंग्रजीत ‘बॉस’ वाचता येईल अशी पाटी करून मिळते, करू का?
— इचलकरंजी

उत्तर : नको. पाटीवर नंबर नंबरासारखाच हवा. अपघात झाल्यावर किंवा गाडी चोरीला गेल्यावर तोच नंबर लोकांना वाचता यायला हवा. महाराष्ट्रात २०१९ च्या आधीच्या गाड्यांनाही आता हाय सिक्युरिटी पाटी लागते. तीच लावा.

प्रश्न : पाडव्याच्या शोभायात्रेत नऊवारी नेसून बुलेट चालवायची आहे. उंची पाच फूट, पाय नीट टेकत नाहीत. मागची स्प्रिंग कापून गाडी बसकी करावी का? साडीसाठी आणखी काय करू?
— डोंबिवली

उत्तर : ताई, गिरगाव-डोंबिवलीच्या यात्रांत नऊवारीतल्या बायका बुलेटवरून जाताना मी पाहिल्यात, ऊर भरून येतो. पण स्प्रिंग कापू नका. बसकी झालेली गाडी खड्ड्यात खाली घासते आणि वळणावर स्टँड टेकतो. सीटवाल्याकडं जाऊन पुढच्या भागाचा फोम दीड इंच छाटून घ्या आणि मुख्य म्हणजे बाजू अरुंद करून घ्या. मांड्या फाकल्या नाहीत की पाय आपोआप खाली पोचतो. यात्रेत जे बूट घालणार, त्याच बुटांवर निदान पंधरा दिवस सराव करा. यात्रेत गाडी चालण्याच्या वेगानं जाते आणि १९० किलो वजन सावरणं सगळ्यात अवघड तेव्हाच असतं. गर्दीत क्लच दाबून हात भरून येतो, त्यामुळं केबलला तेल सोडून ती हलकी करून घ्या.

मागच्या चाकाची जाळी, म्हणजे साडी गार्ड, कुणी ‘शोभत नाही’ म्हणून काढली असेल तर आधी बसवा. मागं बसणाराचे कपडे चाकात जाऊ नयेत म्हणून चाकाचा निदान अर्धा भाग झाकणारं संरक्षण नियमातच आहे. चेनकव्हर पूर्ण हवं. काष्टा घट्ट, पदर कमरेला खोचून पिनांनी पक्का. झेंड्याची काठी हँडलला बांधू नका, मागच्या कॅरिअरला बांधा. आणि घरून मैदानापर्यंत हेल्मेट. फेटा डबीत न्या, तिथं बांधा.

प्रश्न : वय ६४. १९६८ ची जावा दोन वर्षं खपून मूळ रूपात आणली. टाकीवरच्या रेघा तेवढ्या राहिल्यात. स्टिकर लावू की हातानं ओढून घेऊ? जुलैत मेळाव्याला न्यायची आहे.
— मिरज

उत्तर : साहेब, हातानं. मैसूरच्या कारखान्यातून आलेल्या गाडीला स्टिकर लावलात तर दोन वर्षांच्या कष्टावर चिकटपट्टी लावल्यासारखं होईल. चेन्नईला बुलेटच्या टाकीवरची सोनेरी रेघही माणसं हातानं ओढतात, कला अजून जिवंत आहे.

आमच्या शेजारी एक पेंटर होते. ब्रशचे केस बोटभर लांब, मोजकेच. रंगात बुडवून काचेवर दोनदा ओढून ते निथळायचे. मग करंगळी टाकीच्या कडेला टेकवायची, श्वास रोखायचा आणि ब्रश हलवायचा नाही, आपण टाकीभोवती चालायचं. गुडघ्याच्या रबराजवळ वळण आलं की ब्रश दोन बोटांत गोल फिरवायचा, म्हणजे रेघ जाड-बारीक होत नाही. चुकलं तर ओल्यातच रॉकेलच्या फडक्यानं पुसायचं. असा हात तुमच्याकडं साइनबोर्ड रंगवणाऱ्या जुन्या माणसांत सापडेल. विचारत फिरा.

पन्नास वर्षांवरची, मूळ रूपातली गाडी २०२१ च्या नियमाप्रमाणं व्हिंटेज म्हणून नोंदवता येते. पण मग ती प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती अशा ठरावीक कामांसाठीच रस्त्यावर आणता येते. तुम्ही तिच्यावरून रोज मंडईला जात असाल तर साधी नोंदणीच बरी.

मेळावा जुलैच्या दुसऱ्या रविवारी, जावा-येझदी दिनाला असतो. रेघा एप्रिलच्या आत ओढून घ्या, वर लॅकरचा हात द्या आणि मे महिनाभर टाकीवर गुडघा घासू देऊ नका. तोवर किक तेवढी मारत राहा. या गाडीची किक आणि गिअर एकाच दांड्यावर आहेत, न वापरता ठेवलीत तर तो दांडा पहिला जाम होतो.