फिगर स्केटिंगमध्ये १५ व्या वर्षी सुवर्ण जिंकणाऱ्या मुली पुढे टिकत का नाहीत?

लिपनित्स्काया आणि झागितोवा या रशियन स्केटर्सची नावं घेऊन तुम्ही विचारलंय की इतक्या लहान वयात शिखर गाठणाऱ्या मुली १८-१९ व्या वर्षी दिसेनाशा का होतात, आणि टिकतात त्या वेगळं काय करतात. ‘वजन वाढलं, संपलं’ हे उत्तर सर्रास मिळतं. ते अर्धवट आहे आणि मुलींना फार महागात पडतं.

खरा हिशोब हवेतल्या वेळेचा. मोठी उडी साधारण ०.६ ते ०.७ सेकंद हवेत असते. ०.६० चे ०.६५ सेकंद करायचे तर उडीची उंची सुमारे ४४ सेंटिमीटरवरून ५२ वर न्यावी लागते, आणि ते आठ सेंटिमीटर पायांच्या ताकदीतूनच येतात. तेरा वर्षांच्या मुलीकडे ती ताकद नसते, पण खांदे आणि कंबर अरुंद असल्यामुळे ती भिरभिर फिरते आणि तेवढ्याच वेळात चौथी गिरकी बसवते. शरीराचा भाग अक्षापासून जितका लांब, तितका फिरण्याला होणारा विरोध अंतराच्या वर्गाने वाढतो. म्हणून कंबर जराशी रुंदावली की वजनाचा काटा फारसा हलला नसला तरी चौथी गिरकी अपुरी राहते.

ही चूक गुणपत्रिकेवर कशी दिसते ते पाहा. क्वाड लट्झ म्हणजे लट्झ प्रकारची चार गिरक्यांची उडी (ट्रिपल म्हणजे तीन गिरक्यांची). तिचे मूळ गुण ११.५०. पाव गिरकीहून जास्त कमी पडली तर ८० टक्के, म्हणजे ९.२०. अर्धी किंवा त्याहून जास्त कमी पडली तर तिला ट्रिपल लट्झच धरतात, ५.९०. त्यात पडल्यामुळे दर्जाचे (उणे पाच ते अधिक पाच, प्रत्येक पायरी मूळ गुणांच्या १० टक्के) उणे पाच, म्हणजे २.९५ गेले, वर पडल्याचा एक गुण गेला; हातात उरतात १.९५. साधी स्वच्छ ट्रिपल लट्झ अधिक तीन दर्जाने ७.६७ देते! जी उडी काल सुवर्ण देत होती, तीच आज बुडवते.

इथे घातक चूक होते ती म्हणजे खाणं कमी करणं. ऊर्जा कमी पडली की शरीर आधी पाळी थांबवतं, मग हाडं कमकुवत होतात, आणि उतरताना शरीराच्या वजनाच्या कितीतरी पट भार एका पायावर येतो. स्ट्रेस फ्रॅक्चर तिथूनच सुरू होतं. लिपनित्स्काया २०१४ मध्ये सोची ऑलिंपिकला सांघिक सुवर्ण जिंकली तेव्हा १५ वर्षांची होती. अॅनोरेक्सियावर उपचार घेऊन २०१७ मध्ये १९ व्या वर्षी ती थांबली.

टिकलेल्यांमध्ये मला जपानची काओरी साकामोतो सगळ्यात शिकण्यासारखी वाटते. २०२२, २०२३ आणि २०२४ असे सलग तीन वर्ल्ड्स (जागतिक स्पर्धा) तिने जिंकल्या, तेही क्वाड किंवा ट्रिपल अॅक्सेलशिवाय (अॅक्सेल म्हणजे पुढे तोंड करून मारायची, अर्धी गिरकी जास्तीची उडी). तिची डबल अॅक्सेल पाहा: वेगात येते, उडीत लांबवर जाते, उतरल्यावरही वेग मोडत नाही. मूळ गुण फक्त ३.३०, पण दर्जाचे गुण भरभरून. रशियाची तुक्तामिशेवा २०१५ ला वर्ल्ड्स जिंकली, मग काही वर्षं मागे पडली, आणि २०२१ मध्ये २४ व्या वर्षी ट्रिपल अॅक्सेलसह वर्ल्ड्समध्ये रौप्यावर परतली. अॅलिसा ल्यू १३ व्या वर्षी अमेरिकेची विजेती झाली, १६ व्या वर्षी निवृत्त झाली, दोन वर्षांनी परतली आणि २०२५ मध्ये बोस्टनला विश्वविजेती ठरली. लहानपणी मारायची ती ट्रिपल अॅक्सेल त्या कार्यक्रमात नव्हती.

बीजिंग ऑलिंपिकनंतर २०२२ मध्ये सीनिअरसाठी किमान वय १५ वरून टप्प्याटप्प्याने १७ करायचं ठरलं. निर्णय योग्यच आहे. पण ज्युनिअरमध्ये ती मर्यादा लागू नाही, त्यामुळे सरावातला भार कोचनेच सांभाळायला हवा.

म्हणून वाढीच्या वर्षांत दर महिन्याला उंची मोजावी. ती झपाट्याने वाढत असेल तेव्हा क्वाड बाजूला ठेवून डबल उड्यांवर नवा टायमिंग बसवावा, पायांची ताकद वाढवावी आणि एजवर (ब्लेडच्या कडांवर तोल धरून स्केट करण्यावर) वेळ द्यावा. बर्फ सोडण्याआधीच कंबरेतून पीळ घेऊन गिरकी चोरायची सवय असेल तर ती याच काळात मोडावी, कारण पुढे तीच पाठ धरते. सलग तीन महिने पाळी आली नाही, किंवा पाठीत वा पावलात बोट ठेवून दाखवता येईल अशा एकाच जागी दुखू लागलं, तर स्पर्धा कितीही जवळ असो, त्याच आठवड्यात डॉक्टरकडे न्यावं.