गाण्यागणिक आवाज कमी-जास्त का होतो आणि तो सारखा कसा करायचा?

पेनड्राइव्हवर जुनी नाट्यपदं, भावगीतं, ख्याल आणि नवी सिनेगाणी एकत्र आहेत, गाडीत दर गाण्याला आवाजाचं बटण फिरवावं लागतं, सगळं एका पातळीवर कसं आणू, असं तुम्ही विचारलंय. सदाशिव पेठेतल्या घरी बाबांच्या रेकॉर्डी आणि कॅसेटी कॉम्प्युटरवर उतरवल्या तेव्हा मीही यातच अडकलो होतो.

आधी मी प्रत्येक फाइल नॉर्मलाइज केली. फरक जवळजवळ पडला नाही. नेहमीचं नॉर्मलाइज फाइलमधला सर्वांत उंच क्षण पाहतं आणि तो कमाल पातळीला पोचेल एवढाच सगळा आवाज चढवतं, आणि जुन्या रेकॉर्डीत तो क्षण बहुतेक वेळा गाण्याचा नसतोच, ओरखड्याच्या 'टक्' आवाजाचा असतो. त्या एका 'टक्'पायी सगळं गाणं खालीच राहतं. नवी गाणी मुळातच दाबून, सरासरी चढवून मास्टर केलेली असतात. दोघांचं शिखर सारखं असलं तरी कानाला सरासरी जाणवते.

मग मी कॉम्प्रेसर लावला, म्हणजे मोठा आवाज दाबून बारीक आवाज वर आणणारी प्रक्रिया. तो मात्र ख्यालाला कधीही लावू नका. गायक श्वास घ्यायला थांबला की मागचा तंबोरा फुगून वर येतो आणि सूर लागला की पुन्हा दबतो. आलापातली शांतता आणि द्रुतातली तान एकाच उंचीवर येतात. दोन गाण्यांमधला फरक काढायचा असतो, गाण्याच्या आतला नाही.

यावरचा खरा उपाय रिप्लेगेन. डेव्हिड रॉबिन्सन यांनी २००१ साली मांडलेली ही पद्धत कानाला जाणवणारा मोठेपणा मोजते आणि किती डेसिबल वर-खाली करायचं तो आकडा फाइलच्या टॅगमध्ये, म्हणजे गाण्याचं नाव-गायक अशी माहिती असते त्या जागी, लिहून ठेवते. मूळ आवाजाला हात लागत नाही. कॉम्प्युटरवर फूबार२००० हा गाणी वाजवायचा प्रोग्रॅम हे टॅग लिहितो आणि वाचतोही.

अडचण गाडीची आहे. बऱ्याच कार स्टीरिओंना हे टॅग कळत नाहीत. तुमच्या फाइल्स एमपी३ असतील तर एमपी३गेन हे सॉफ्टवेअर वापरा. ते फाइलमधलाच गेनचा (आवाज किती चढवायचा याचा) आकडा १.५ डेसिबलच्या टप्प्यांनी बदलतं. आवाज पुन्हा एन्कोड होत नाही, त्यामुळे दर्जा घसरत नाही आणि बदल मागेही घेता येतो. त्यातलं ८९ डेसिबलचं लक्ष्य तसंच राहू द्या. गाणी बारीक वाटतात म्हणून ९५ वगैरे केलंत तर तबल्याची थाप फाटते. क्लिपिंगच्या (आवाज मर्यादेबाहेर जाऊन फाटण्याच्या) रकान्यात खूण दिसली की लक्ष्य उतरवा.

आता सर्वांत महत्त्वाचं. सुट्ट्या गाण्यांना ट्रॅक गेन लावा, तो प्रत्येक फाइल वेगळी मोजून लक्ष्यावर आणतो. पण एकाच रागाचा विलंबित आणि द्रुत वेगळ्या फाइलींत असेल तर त्यांना एका फोल्डरमध्ये घालून अल्बम गेनच लावा, तो सगळ्या फाइली एकाच आकड्याने वर-खाली करतो आणि त्यांच्यातला फरक राखतो. माझ्याकडच्या एका यमनला मी चुकून ट्रॅक गेन लावला होता. विलंबिताचा आवाज वर चढला, द्रुताचा खाली आला आणि बैठकीची सगळी चढण गेली. पूर्ववत करून अल्बम गेन लावला, तेव्हा बाबा म्हणाले, आता बरोबर.

एफएलएसी (FLAC, दर्जा न घटवता साठवलेल्या) फाइलींना एमपी३गेन चालत नाही. गाडीसाठी त्यांच्या एमपी३ प्रती काढा, मग गेन लावा.